खालची मळी जुनी की वरचा काठ? कृष्णाकाठच्या थरांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं कृष्णेच्या काठावरचं हे गाव. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. २०१९ आणि पाठोपाठ २०२१ च्या महापुरानंतर गावाच्या खालच्या अंगाला नदीचा काठ बऱ्याच लांबीत ढासळला आणि इतकी वर्षं गवत-झुडपांखाली झाकलेले मातीचे, वाळूचे, गोट्यांचे थर उघडे पडले. हायस्कूलच्या विज्ञानाच्या मॅडमनी नववीच्या मुलांना घेऊन तिथे फेऱ्या सुरू केल्या. मुलांना काही खापरं सापडली, रंगीत गारगोट्या सापडल्या आणि एका गोट्यांच्या थरातून जनावराचा एक मोठा दात निघाला.

गावात चर्चा होणारच होती. वाचनालयाच्या एका भिंतीवर हे सगळं मांडायचं आणि शेजारी थरांचं मोठं चित्र रंगवायचं, असं ग्रामपंचायतीत ठरलं. चित्राचा मजकूरही तयार झाला. सगळ्यात खाली दात सापडलेला गोट्यांचा थर, त्याखाली ओळ: ‘गावातील सर्वांत जुना थर’. रंगारी ठरला, तेव्हा मॅडमना शंका आली आणि त्यांनी मला बोलावलं. मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो.

काठावर काय दिसत होतं

इथे काठ दोन पायऱ्यांचा आहे. गावठाणाच्या बाजूला उंच, जवळजवळ उभा काठ. त्याच्या माथ्यावर उसाची शेतं. त्याच्या पायथ्याशी नदीकडे एक सपाट पट्टा आहे, त्याला गावकरी खालची मळी म्हणतात. या मळीचा नदीकडचा कडाही पुराने कापून काढलेला. दोन्ही कड्यांत थर स्वच्छ दिसत होते. मधे मात्र ढासळलेल्या मातीचा उतार आणि त्यावर बाभळीचं रान होतं. दोन्ही कडे एकमेकांना कुठे आणि कसे भिडतात, हे दिसत नव्हतं.

उंच काठाच्या तळाशी काळा कातळ, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला सह्याद्रीचा बेसाल्ट. त्यावर चुन्याने घट्ट चिकटलेल्या गोट्यांचा थर. टिकावाचा घाव घातला तर ठिणगी उडावी इतका टणक. त्याच्या वर पुरुष-दोन पुरुष जाडीची तपकिरी चिकणमाती आणि तिच्यात जागोजाग चुनखडीचे खडे, म्हणजे मातीतच चुना धरून झालेल्या गाठी. त्यावर गर्द काळपट मातीचा एक पट्टा, मग फिकट गाळ आणि सर्वांत वर शेताची काळी माती.

खालच्या मळीत तळाला सुट्या गोट्यांचा आणि जाड वाळूचा थर. दात याच थरातला, बहुतेक खापरंही इथलीच. त्याच्या वर बारीक वाळू आणि गाळाचे पातळ पदर, आणि माथ्यावर गेल्या काही पुरांचा गाळ, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पुड्या अडकलेल्या.

अडचण

मुलांनी दोन्ही कडे मोजले होते आणि मोजमाप चांगलं होतं. चित्र काढताना मात्र त्यांनी मळीचे थर खाली आणि उंच काठाचे थर वर रचून एकच उतरंड केली होती. मळी खालच्या पातळीवर आहे, म्हणून तिचे थर खालचे. आणि खालचे म्हणून जुने.

हा तर्क मुलांनी हवेतून काढलेला नव्हता. एकावर एक साचलेल्या थरांत खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या पुस्तकात मांडला आणि आजही थरांचा क्रम लावायला तिथूनच सुरुवात होते. आपल्याकडे तर हा नियम डोळ्यांना सवयीचा आहे. साताऱ्याचा अजिंक्यतारा बघा, नाहीतर महाबळेश्वरचे कडे: लाव्हाचे थर एकावर एक पायरीपायरीने रचलेले, मधे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. तिथे डोंगर उतरत जाल तसतसे जुन्या थरांकडे जाता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हाच्या बाबतीत ‘खालचं ते जुनं’ हे सरळ खरं ठरतं.

नदीच्या काठाचं तसं नसतं. नदी काही काळ गाळ टाकते, मग काही कारणाने तोच गाळ कापत खाली उतरते, आणि कापलेल्या खोलगटात पुन्हा नवा गाळ भरते. असा नवा भराव जुन्या काठाच्या कुशीत, त्याच्या वरच्या थरांपेक्षा खालच्या पातळीवर बसतो. स्टेनोचा नियम एकाच सलग साचलेल्या उतरंडीला लागू पडतो. दोन उघड्या कड्यांच्या मधला भाग झाकलेला असेल, तर ती एकच उतरंड आहे हे आधी दाखवावं लागतं, आणि इथे ते कोणी दाखवलेलं नव्हतं.

ग्रामपंचायतीतल्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा मळीचे मालक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते म्हणाले, “सर, खालचं ते आधीचं असणारच की. वर आधी आणि खाली मागनं, असं कसं हुईल?” प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना विचारलं, “तात्या, २०१९ च्या पुराचा गाळ कुठं कुठं बसला होता?” ते म्हणाले, “मळीवर तर होताच, आमच्या सोप्यात गुडघाभर होता.” त्यांचं घर उंच काठावर. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि या गावातही ते गावठाणात शिरलं होतं. म्हणजे एकाच पुराचा, एकाच आठवड्याचा गाळ दोन अगदी वेगळ्या उंचीवर बसलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तात्या थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग उंचीवरनं काय ठरवायचं?” प्रकरणाला वळण तिथे मिळालं. चित्र थांबवायला सरपंचही लगेच तयार झाले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मुलांचं चित्र तसंच ठेवून ‘अंदाजे’ असा शब्द घालण्याचा. खर्च नाही, वेळ नाही. पण क्रमच उलटा असेल तर ‘अंदाजे’ लिहून तो सुलटा होत नाही. शाळेच्या गावात भिंतीवर रंगवलेली गोष्ट पिढीभर टिकते, हेही लक्षात घ्यावं लागतं.

दुसरा पर्याय वय मोजून आणण्याचा. तरुण मंडळींचा ओढा याकडे होता: “सर, कार्बन डेटिंग करून टाकू ना.” इथे थोडं थांबून समजावावं लागलं. रेडिओकार्बन पद्धत ढोबळमानाने ५०,००० वर्षांपर्यंत चालते आणि तिला सेंद्रिय पदार्थ लागतो. गोट्यांच्या थरात कोळशाचा तुकडा मिळाला तरी तो वाहत आलेला असतो. त्याचं वय म्हणजे थराचं वय नव्हे. वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला हे मोजणारी दुसरी पद्धत आहे, तिला ओएसएल म्हणतात. तिला प्रामुख्याने क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण लागतात आणि बेसाल्टच्या मुलखात नदीच्या वाळूत क्वार्ट्झ फार कमी. पैसे आणि महिने तर जातातच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम न लावता नमुना घेतला तर आलेला आकडा कुठल्या घटनेचा, हेच सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा की त्याहून कितीतरी जुना, यावर नामवंत अभ्यासकांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला. प्रयोगशाळेचा आकडा हाती असूनही हे घडतं.

तिसरा पर्याय जीवाश्मांवरून क्रम लावण्याचा. इंग्लंडमध्ये कालव्यांची आखणी करणाऱ्या विल्यम स्मिथने याच युक्तीने दूरदूरचे थर जुळवले आणि १८१५ मध्ये देशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. पण ते थर कोट्यवधी वर्षांच्या अंतराचे होते. आपल्या नदीकाठचे गाळ त्या मानाने इतके तरुण की गाई-म्हशीच्या कुळातल्या एका दातावरून दोन थरांतला फरक सांगणं शक्य नव्हतं.

चौथा पर्याय सर्वांत साधा आणि अंगमेहनतीचा: मधलं रान साफ करून दोन्ही कड्यांना जोडणारा एक चर खणायचा आणि सांधा डोळ्यांनी बघायचा. माझा कौल याला होता. तात्यांनी स्वतःची बाभळ तोडायला परवानगी दिली आणि एक अट घातली, “चर बुजवून द्यायचा, म्हसरं पडतील.”

काय केलं

टिकाव मारण्याआधी मुलांना शाळेत बसवून एक काम दिलं. सांध्यापाशी काय काय दिसू शकेल, ते आधी वहीत काढायचं. तीन शक्यता निघाल्या.

मळीचे थर खरंच जुने असतील तर ते आडवे उंच काठाच्या खाली शिरताना दिसतील. मळी म्हणजे उंच काठाचाच घसरून खाली आलेला तुकडा असेल तर त्यात तोच क्रम, तीच तपकिरी माती, तोच काळपट पट्टा मिळेल, फक्त तिरपा झालेला. आणि मळी नंतरचा भराव असेल तर उंच काठाचे थर मधेच तुटलेले दिसतील आणि मळीचे थर त्या तुटलेल्या भिंतीला येऊन टेकलेले असतील.

हे आधी लिहून घेणं मला फार मोलाचं वाटतं. चर उघडल्यावर जे दिसेल त्याला आपल्या मनातल्या उत्तराचा रंग चढतो. कागदावर तीन चित्रं असली की दिसलेली गोष्ट त्यांतल्या एकाशी जुळते की नाही, एवढंच बघायचं उरतं.

काम दिवाळीनंतर केलं. पावसाळ्याची ओल उतरलेली होती, पण माती दगडासारखी वाळलेली नव्हती. ढासळता काठ धोक्याचा असतो, म्हणून उभा चर न खणता हातभर उंचीच्या पायऱ्या कापत उताराने वर गेलो. खणण्याचं काम मोठ्यांनी केलं. मुलं खुरपं आणि ब्रश घेऊन कापलेली बाजू साफ करायला. उंच कड्याच्या थेट खाली कोणालाही उभं राहू दिलं नाही. पातळी मोजायला गवंड्याकडची लेव्हलची नळी आणली. दोन्ही कड्यांवर एकच पातळी ठरवून तिच्यापासून प्रत्येक थराची उंची मोजली.

चौथ्या-पाचव्या पायरीला सांधा सापडला, आणि तो बघण्यासारखा होता. तपकिरी चिकणमातीचा थर सुरीने कापावा तसा तुटलेला, नदीकडे तीव्र उतार असलेली ती एक जुनी भिंत. भिंतीला लागून मळीची वाळू, तिचे पातळ पदर एकामागून एक येऊन भिंतीपाशी संपणारे. भिंतीच्या पायथ्याशी वाळूत तपकिरी मातीची ढेकळं पडलेली. एका मुलीने ब्रशने भिंत साफ करता करता हाक मारली, “सर, हा खडा अर्धा इकडं आणि अर्धा तिकडं आहे.” चुनखडीचा एक वेडावाकडा खडा. त्याचा मागचा अर्धा भाग तपकिरी मातीत घट्ट रुतलेला, पुढचा अर्धा भिंतीतून बाहेर आलेला आणि त्याच्या भोवती मळीची वाळू भरलेली. मऊ माती पाण्याने धुऊन नेली, टणक खडा तसाच राहिला, मग वाळू आली. म्हणजे तपकिरी माती साचली, तिच्यात चुनखडी धरली, ती टणक झाली, नदीने ती कापली आणि त्यानंतर मळी भरली. एवढा सगळा क्रम त्या लिंबाएवढ्या खड्यापाशी बोट ठेवून दाखवता येत होता.

दुसरा पुरावा मळीच्या गोट्यांतच होता, त्याकडे कोणी बघितलं नव्हतं. तिथेही चुनखडीचे खडे होते, पण गुळगुळीत, कोपरे झिजलेले, इतर गोट्यांबरोबर प्रवाहाच्या दिशेने कललेले. जागेवर धरलेली चुनखडी गाठीगाठीची असते आणि भोवतालची माती तिच्यात मिसळत गेलेली असते. हे खडे वाहून आलेले होते. एखाद्या थरात दुसऱ्या थराचे तुकडे सापडले तर ज्याचे तुकडे तो थर आधीचा, यात शंका उरत नाही. तिसरी शक्यता पक्की झाली.

मग दाताचा प्रश्न आला. मळी तरुण ठरली म्हणजे दातही तरुण, असं मुलं लगेच म्हणाली. मी दात पुन्हा बघायला सांगितला. नळाखाली घासून धुतला होता, तरी मुळांच्या बेचक्यात चुन्याचं कडक पांढुरकं पुट शिल्लक होतं. मळीच्या सुट्या गोट्यांत चुनखडी धरलेलीच नाही. मग हे पुट आलं कुठून? दात आधी कुठल्यातरी चुनखडीच्या थरात बराच काळ पडून होता. नदीने तो थर कापला तेव्हा दात निघाला, वाहिला आणि मळीत येऊन पडला. थर तरुण, त्यातला दात मात्र थराहून जुना. खापरांवर असं पुट नव्हतं, फक्त कडा झिजलेल्या. दात आणि खापर शेजारी शेजारी सापडले तरी ती एका काळातली म्हणता येत नाहीत. आधीच्या मजकुरात ‘या जनावरासोबत राहणारी माणसं’ असं एक वाक्य होतं, ते तिथेच खोडलं.

एक खापर उंच काठावरच्या काळ्या मातीत कमरेएवढ्या खोलीवर मिळालं होतं. ते क्रम लावताना बाजूला ठेवलं. काळ्या रानाला उन्हाळ्यात किती खोल भेगा पडतात हे इथे कोणाला सांगायला नको. वरची वस्तू भेगेतून सहज खाली जाते आणि पाऊस पडला की भेग मिटते.

निकाल

भिंतीवर आता उतरंडीऐवजी घटनांचा क्रम आहे. आधी बेसाल्ट. त्यानंतर प्रचंड मोठी पोकळी, जिचा या काठावर काहीच दाखला उरलेला नाही. मग चुन्याने चिकटलेले गोटे, त्यावर तपकिरी माती. मग गर्द काळपट पट्टा, म्हणजे गाळ पडायचा थांबून जमीन स्थिरावल्याचा आणि तिच्यावर झाडोरा आल्याचा काळ. मग फिकट गाळ. मग नदी खाली उतरली आणि हे सगळं कापलं. मग मळीचे गोटे, वाळू, पदर. आणि सर्वांत शेवटी २०१९ चा आणि २०२१ चा गाळ, दोन्ही पायऱ्यांवर एकदमच. तपकिरी मातीतली चुनखडी चित्रात वेगळ्या रंगाने दाखवली आहे, कारण ती मातीबरोबर साचलेली नाही. मातीत नंतर धरली आणि मळीच्या आधी टणक झाली.

मळीच्या माथ्यावरच्या एका पुडीवर छापलेली तारीख वाचता येत होती. त्या तारखेच्या आधी तो गाळ पडलेला असूच शकत नाही. नंतर किती, ते पुडी सांगत नाही. पुडीचं जे, तेच मळीतल्या खापराचं, हे मुलांनी स्वतः जोडून दाखवलं. मला या सगळ्या कामात सर्वाधिक समाधान त्या जोडणीचं वाटलं.

कुठल्याही थरासमोर वर्षांचा आकडा लिहिलेला नाही. काही गावकऱ्यांना ते अपुरं वाटलं. “किती वर्षांचं ते लिवलं असतं तर बरं झालं असतं,” असं सरपंचही म्हणाले. पण क्रमाबद्दल आता कोणी वाद घालत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दात काढण्याआधी जागेवर फोटो हवा होता, शेजारी पट्टी ठेवून. तो कसा पडला होता, त्याला लागून कोणते गोटे होते, हे आता कायमचं गेलं. धुणं तर टाळायलाच हवं होतं. पुटाचा जो थोडा भाग उरला त्यावर अर्धा निष्कर्ष उभा आहे. दात नेमका उंच काठाच्या कोणत्या थरातला, तळाच्या चिकटलेल्या गोट्यांतला की तपकिरी मातीतला, हे पूर्ण पुट हाती असतं तर कदाचित सांगता आलं असतं. आता नवीन काही सापडलं तर मातीसकट कागदात गुंडाळून, जागेची खूण लिहून ठेवायचं, असं शाळेने ठरवलं आहे.

चर एकाच ठिकाणी झाला. नदीच्या वरच्या अंगाला मळी अरुंद होत जाते, तिथे दुसरा छोटा चर घेतला असता तर मळीत एकच भराव आहे की दोन, हे कळलं असतं. वाळूच्या पदरांत एके ठिकाणी मला बारीकशी कापणी दिसल्याचा संशय आहे. तात्यांच्या अटीप्रमाणे चर बुजवावा लागला आणि ती जागा पुन्हा बघता आली नाही. बुजवण्याआधी बाजूच्या भिंतीचं पूर्ण चित्र मोजून काढायला आणखी वेळ ठेवायला हवा होता.

वयमापनासाठी पुढे पैसे उभे राहिले तर नमुने कुठून घ्यायचे, ते मात्र ठरलं आहे. एक तपकिरी मातीच्या माथ्यावरून, काळपट पट्ट्याच्या लगेच खालून. दुसरा सांध्याला टेकलेल्या मळीच्या सर्वांत खालच्या वाळूतून. नदीने काठ कापला ती वेळ या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी येईल. नमुना अंधारात, लोखंडी नळी ठोकून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी बाभळीचं ते रान पुन्हा तोडावं लागेल. तात्या म्हणाले, उसाला तोड आली की माणसं मोकळी नसतात, त्याआधी या.